रोगणवाल्या म्हातारीचा अंगठा

"मग माणूस जन्मतःच वाईट, एवढं तरी कबूल करा, गुरुमाई!"

म्हातारी लाकडी वाडग्यावर कोळसा घासत राहिली.

"ऐकू आलं ना?"

"आलं. बहिरी नाही झाले अजून."

विचारणारा होता फेंग. चीनच्या दक्षिणेला एक जुनं राज्य होतं, तिथल्या एका जिल्ह्याचा न्यायाधीश. वीस वर्षांपूर्वी याच अंगणात, याच म्हातारीच्या हाताखाली तो शिकायला होता. मग राजधानीला गेला. ग्रंथ वाचले, वाद जिंकले. आता अंगात रेशमी झगा, डोक्यावर उंच टोपी, आणि नाक टोपीहून उंच.

म्हातारीचं नाव त्साय. लाकडी भांड्यांना रोगण चढवायचं तिचं काम. भांडी घासता घासता माणसंही घासून काढायची, म्हणून लोक तिला गुरुमाई म्हणायचे. राजाला ती भीत नव्हती. देवाला थोडीफार.

"राजधानीत दोन तट पडलेत," फेंग म्हणाला. "एक म्हणतो, माणूस मुळात चांगला. दुसरा म्हणतो, मुळात वाईट. मी दुसऱ्या तटाचा. भर सभेत सात पंडितांना गप्प केलं. सात!"

"त्यांना पटलं?"

"...गप्प झाले."

"गप्प तर माझी म्हैसपण बसते. तिला काय पटलेलं असतं?"

फेंग हसला नाही. मोठ्या माणसाला असं हसणं जड जातं.

"तुम्ही कुठल्या तटाच्या, ते सांगा."

"एक म्हणतो फळ गोड, एक म्हणतो कडू. झाडाला पाणी घातलंय का दोघांपैकी कुणी?"

झग्याच्या बाहीतून फेंगनं बांबूच्या पट्ट्यांची गुंडाळी काढली आणि तिच्यापुढं उलगडली.

"वाद राहू द्या. मी कामाला आलोय. अंगठा हवाय तुमचा."

म्हातारीनं मान वर केली. फाटकाबाहेर गाडी उभी होती, शेजारी एक शिपाई. गाडीत एक माणूस, मानेत लाकडी फळी अडकवलेला. वर रणरणतं ऊन.

"दोउ का तो?"

"दोउच. तिसऱ्यांदा सरकारी मीठ चोरलं. मीठ विकलं आणि दारू प्याला."

तिसऱ्या चोरीला पाय तोडायचा, असा तिथला कायदा होता. पण त्याला एक अट होती. चोराच्या गावातल्या सगळ्यात वयस्कर माणसानं निकालावर अंगठा उठवायचा, की हा सुधारणार नाही. अंगठा नाही तर पाय तोडता येत नाही. आणि अंगठ्याच्या रेषा साफ उमटल्या पाहिजेत, नाहीतर निकाल रद्द. ही रेषांची अट फेंगनंच घातलेली. पूर्वी लोक मेणाचं बोट टेकवून लबाडी करायचे. फेंग आला आणि लबाडी बंद झाली. हे तो चारचौघांत सांगायचा.

गावात सगळ्यात वयस्कर त्साय.

"त्याला सुधारायला बघितलंस?" तिनं विचारलं.

"बघितलं तर! तीस दिवस भर चौकात बसवला. उन्हात. मानेत फळी. येणारा जाणारा त्याच्यावर थुंकायचा."

"मग?"

"तिसाव्या दिवशी तो माझ्यावर थुंकला. आता याच्या वर पुरावा कसला हवा?"

"उन्हात बसवलास म्हणतोस."

"उन्हात."

म्हातारीनं कोळसा खाली ठेवला.

"तू इथं आलास त्या वर्षी मी दोन दिवस बहिणीकडे गेले होते. जाताना अकरा वाडगी तुझ्या हवाली केली होती. ओल्या रोगणाची."

फेंगचे कान तांबडे झाले.

"त्याचं आता काय?"

"काय केलं होतंस त्यांचं?"

"लहान होतो मी."

"मिशी फुटली होती. काय केलं होतंस?"

"...उन्हात वाळत घातली होती."

त्या मुलखात एक झाड असतं. खोडाला चीर दिली की चीक गळतो. त्याचं रोगण करतात. एक थर द्यायचा, वाळला की कोळशानं घासायचा, वर दुसरा थर. असे तीस-तीस थर. पण हे रोगण जगाच्या उलट. उन्हात ते वाळतच नाही, चिकट राहतं. अंधाऱ्या खोलीत, ओली फडकी टांगून, दमट हवेत ठेवावं तेव्हा ते दगडासारखं होतं. रोगणवाल्याच्या घरात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. फेंगला सांगितलं होतं. पण दमट खोलीत कधी काही वाळतं का? त्याची अक्कल जास्त.

"मी परत आले तेव्हा वाडग्यांना माश्या चिकटल्या होत्या," म्हातारी म्हणाली. "आणि तू मला काय म्हणालास?"

फेंग गप्प.

"सात पंडितांना गप्प करणारा माणूस ना तू? बोल की."

"...लाकूडच वाईट निघालं, असं म्हणालो."

गाडीवरून दोउ ओरडला, "म्हातारे, पाणी तरी दे!"

"बदक दे माझं, मग पाणी देते!" तिनं बसल्या जागेवरून आवाज दिला. मग शिपायाला मडकं दाखवलं. शिपायानं फेंगकडे बघितलं. फेंगनं बघून न बघितल्यासारखं केलं. शिपायानं पाणी नेलं.

"बदकही चोरलं त्यानं?" फेंग पुढं सरकला. "मग तुम्हीच साक्षीदार झालात!"

"बदक माझं होतं. त्याचं काय करायचं ते मी त्याच्याशी बघेन. तू पेज संपव. निवतीय."

फेंगपुढं पेजेचं वाडगं होतं. आल्या आल्या तिनंच दिलेलं. काळंभोर, आत बघावं तर तोंड दिसेल असं. दोन घोट घेऊन त्यानं ते बाजूला ठेवलं होतं.

त्यानं पेज संपवली. वाडगं खाली ठेवताना त्याचा हात अडला. त्यानं ते पालथं केलं. बुडाशी चाकूची बारीक खूण होती. स्वतःच्या वाडग्यांवर शिकाऊ पोरं करतात तशी.

खूण त्याचीच होती.

"हे... त्या अकरातलं?"

"अकराही आहेत. दहा मांडणीवर."

"मला वाटलं तुम्ही चुलीत घातली."

"चिकटा खरवडला. आतल्या खोलीत ठेवली. पुन्हा थर दिला."

"किती थर?"

"लागले तेवढे."

फेंग वाडग्याकडे बघत राहिला. मग त्यानं पाठ ताठ केली. राजधानीत शिकलेला माणूस वाडग्यापुढं हरतो होय?

"वाडगं चोरी करत नाही, गुरुमाई. वाडगं तोंडावर थुंकत नाही. माणसाचं वेगळं."

"वेगळंच," म्हातारी म्हणाली. "वाडगं माझ्यावर रुसून राजधानीला गेलं नव्हतं."

शिपाई फिस्सकन हसला आणि खोकल्याचं सोंग करू लागला.

फेंग उभा राहिला. आवाज चढला. "बास झालं! तेरा वर्षं निकाल देतोय मी. एक निकाल फिरला नाही माझा. एक! माणूस जे घेऊन जन्माला येतो, ते जात नाही. झाकता येतं, धाकानं दाबता येतं. पण जात नाही. माझ्या ग्रंथाचं पहिलं वाक्य आहे हे."

"जन्माचं ते जात नाही?"

"नाही."

"घासून घासून?"

"मरेपर्यंत घासा."

"पक्कं?"

"मान पणाला लावतो!"

"मान ठेव तुझी. टोपी कुठं ठेवशील मग?" म्हातारीनं कमरेच्या फडक्याला हात पुसले. "आण शाई."

इतक्या सहज ती ऐकेल, असं फेंगला वाटलं नव्हतं.

"देताय अंगठा?"

"मागितलास ना?"

त्यानं शाईची डबी स्वतः उघडली. लाल शाई. निकालाची शेवटची पट्टी स्वतः धरली. त्याचा चेहरा उजळला होता. जिच्यापुढं कधी मान वर करता आली नव्हती, ती गुरुमाई आज त्याच्या निकालावर अंगठा उठवत होती. ही गोष्ट सात पंडितांपेक्षा मोठी.

गाडीवर दोउ रडायला लागला होता. मोठ्यानं नाही. नाक ओढत.

म्हातारीनं अंगठा शाईत बुडवला आणि पट्टीवर दाबला. चांगला जोर देऊन दाबला. उचलला.

फेंग वाकला.

पट्टीवर लाल ठिपका होता. गोल. सपाट. कुंकवाच्या टिकलीसारखा. रेघ म्हणून एक नाही.

"नीट उठवा," तो म्हणाला.

तिनं पुन्हा उठवला. पुन्हा टिकली.

"शाई जास्त झाली."

शाई पुसून तिसऱ्यांदा. टिकली.

"डावा द्या."

डावा दिला. तोही तसाच.

फेंगनं तिचा हात पकडला आणि उजेडात नेला. चार वर्षं तो या घरात राहिला होता. तिची भांडी त्यानं हजारदा बघितली होती. हात कधी बघितला नव्हता. बोटाचं टोक वाडग्याच्या आतल्या बाजूसारखं होतं. गुळगुळीत. पन्नास वर्षं कोळसा, पाणी आणि अंगठा.

त्यानं स्वतःचा अंगठा बघितला. रेषा कशा ठळक, एकेक मोजून घ्यावी.



"सरकार," शिपाई हळूच म्हणाला, "निघायचं ना? कुऱ्हाडवाला थांबलाय."

फेंग अजून अंगठाच बघत होता.

"सरकार?"

"रेषांशिवाय निकाल होत नाही." फेंगचा आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "कायदा आहे तसा."

"मग याचं काय करायचं?"

फेंगनं फाटकाबाहेर बघितलं. दोउनं नाक ओढायचं थांबवलं होतं.

"मानेतली फळी काढा. आणि..."

"आणि काय, सरकार?"

"गाडी सावलीत घ्या."

शिपायानं गाडी हलवली. चाकं कुरकुरली. म्हातारीचा हात अजून फेंगच्या हातात होता. तो तिच्यापुढं खाली बसला, त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि विचारलं, जसं वीस वर्षांपूर्वी विचारायचा तसं:

"गुरुमाई... रेषा कुठं गेल्या?"

म्हातारीनं हात सोडवून घेतला आणि कोळसा उचलला.

"मला काय ठाऊक? जन्मले तेव्हा होत्या."