शोणेच्या वाट्याची पेज

फार पूर्वी मिथिला नगरीत राजा सुबाहू राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका धान्यव्यापाऱ्याच्या कुळात जन्मले आणि सोमिल श्रेष्ठी म्हणून नावारूपाला आले. त्यांना कुवलया नावाची नऊ वर्षांची एकुलती एक लेक होती.

दर पौष पौर्णिमेला हिमालयातून एक वृद्ध तपस्वी मिथिलेत उतरत. त्यांची वाट पाहण्याचे चौदा दिवस मुलांचे असत. मुलांनी रोज आपल्या हाताने कुणाला तरी काही द्यायचे, आणि एकही दिवस न चुकता ज्याने सर्वांत जास्त दिले, त्याने तपस्व्यांच्या पात्रात खिरीची पहिली पळी वाढायची, असा रिवाज होता. कुवलयेला तो मान हवा होता. तिच्या आईला तर तो तिच्याहूनही जास्त हवा होता.

म्हणून रोज सकाळी दासीच्या डोक्यावर टोपली देऊन कुवलया कुंभारवाड्यात जाई. मुलांना रांगेत उभे करी, लाडू देई आणि देणारीचे नाव मोठ्याने वदवून घेई. लाडू सगळे बापाच्या कोठारातले. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला कितीसे कष्ट पडतात?

तेराव्या दिवशी ती फणफणत घरी आली. शोणा नावाची कुंभाराची मुलगी लाडू नको म्हणून रांगेतून निघून गेली होती. त्या पोरीला माज आलाय, असे कुवलया म्हणाली. ते ऐकून बोधिसत्त्वांना फार वाईट वाटले, आणि ते शोणेसाठी नव्हे, आपल्या लेकीसाठी.

चौदाव्या दिवशी त्यांनी टोपली भरू दिली नाही. कुवलयेने उपाशीपोटी शोणेच्या घरी जावे आणि खायला मागावे, असे त्यांनी सांगितले. आईने कपाळाला हात लावला. एकच दिवस उरला असताना हातातोंडाशी आलेला मान कुणी घालवतो का? कुवलया तर रडूच लागली.

बोधिसत्त्व म्हणाले, "बाळ, बारा दिवस तिने तुझ्यापुढे हात पसरले. आज तू पसर. मान गेला तर जाऊ दे, मी तो जाणूनबुजून घालवतोय."

ते स्वतः तिच्याबरोबर गेले आणि गल्लीच्या तोंडाशी थांबले. शोणेच्या दारात कुवलया कशीबशी म्हणाली, की भूक लागली आहे. शोणेला हसता आले असते. पण तिने कुवलयेला चटईवर बसवले आणि चुलीपाशी झाकून ठेवलेला कण्यांच्या पेजेचा वाडगा तिच्यापुढे ठेवला. पेज गरम होती, तर शेजारी बसून फुंकरही घातली. वाडगा रिकामा झाल्यावर कुवलयेने चुलीकडे पाहिले. तिथे दुसरे काहीच नव्हते. तिला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तपस्वी आले. नगरवृद्धांनी पळी कुवलयेपुढे धरली. आदल्या दिवशीचे त्यांना ठाऊक नव्हते, आणि आई डोळ्यांनी खुणावत होती.

"आजोबा, काल मी कुणाला काही दिलं नाही," कुवलया म्हणाली. "उलट खाऊन आले. पळी शोणेला द्या."

कुंभाराच्या मुलीने असे काय मोठे दिले, असे नगरवृद्धांनी विचारले.

"तिच्या वाट्याची पेज. मी जे वाटलं, त्यातलं काहीच माझ्या वाट्याचं नव्हतं."

तपस्व्यांनी नगरवृद्धांच्या निर्णयाची वाट पाहिली नाही. गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या शोणेपाशी ते स्वतः चालत गेले आणि आपले पात्र तिच्यापुढे धरले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवन विहारात एका उपासिकेला सांगितली. आपल्या लेकीने केलेल्या दानाचे कौतुक तिला आवरत नव्हते. कथा संपवून ते म्हणाले, "तेव्हाची आई तूच होतीस. कुवलया ही तुझी लेक. शोणा म्हणजे मघाशी तुला पाणी देऊन गेली ती भिक्षुणी, जिच्याकडे तू पाहिलेही नाहीस. आणि सोमिल श्रेष्ठी मी होतो. आपल्या वाट्याचे देणे, हीच दानपारमिता."