आचार्यांचे बांधलेले हात

‘प्रज्ञाचक्षु’ हा शब्द प्रथम नीट समजून घ्यावा. प्रज्ञा हाच ज्याचा नेत्र, तो प्रज्ञाचक्षु. दृष्टिहीन मनुष्याचे मन दुखवू नये, या सद्भावनेतून तो योजिला जातो. शब्द सुंदर आहे. मानपत्रात तर फारच शोभतो. त्याचा दोष एवढाच, की तो उच्चारताच उच्चारणाऱ्यास आपले कर्तव्य पार पडल्यासारखे वाटते.

एकदा एक दृष्टिहीन तरुण नदीकाठच्या एका विद्यापीठात रेखागणित शिकावयास आला. आचार्यांनी त्याला पहिल्या दिवशी प्रज्ञाचक्षु म्हणून संबोधिले, पुढच्या ओळीत बसविले आणि पाठास प्रारंभ केला.

आचार्य धुळीच्या पाटीवर बोटाने आकृती काढीत. “ही रेषा अशी आली, या कोनाला येऊन मिळाली. म्हणजे हा त्याच्याएवढा. दिसले?” असे ते प्रत्येक पायरीला विचारीत, आणि सारा वर्ग एका सुरात उत्तर देई, “दिसले!” त्या शाळेची ती पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. दृष्टिहीन विद्यार्थीही इतरांबरोबर ‘दिसले’ म्हणे.

तीन ऋतू असे गेले. परीक्षा समीप आली. तीत तो अनुत्तीर्ण झाला, तर त्याला गायनशाळेत धाडावे, असे कुलगुरूंनी ठरविले होते. दृष्टिहीनांना तेथेच धाडण्याचा प्रघात होता. तत्पूर्वी सर्व आचार्यांचे पाठ सर्व विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतात की नाही, हे पाहण्याचे काम त्यांनी एका वयोवृद्ध गुरूंवर सोपविले. त्यांना सारे ‘तात’ म्हणत.

गणिताचे आचार्य आरंभीच रुष्ट झाले. “माझा पाठ सर्वांना खुला आहे, तात. मी भेदभाव करीत नाही. सर्वांना एकच पाटी, एकच आकृती. आणि तोही ‘दिसले’ म्हणतो की! हवे तर विचारा.”

तातांनी विद्यार्थ्याला विचारले, “बाळ, तू का ‘दिसले’ म्हणतोस?”

“न म्हटले तर पाठ थांबतो, तात. मग सगळे माझ्याकडे वळतात. ते मला बरोबर कळते.”

मागून कोणीतरी पुटपुटले, “पाहा, महाराजांना पाठीलाही डोळे आहेत!” दोघेतिघे हसले. आचार्यांनी त्यांना दटावले नाही.

तात उठले. त्यांनी आपले उपरणे काढले, आचार्यांचे दोन्ही हात पाठीमागे नेले आणि घट्ट बांधले. “हा काय अतिप्रसंग!” आचार्य म्हणाले. तात शांतपणे खाली बसले. “पाठ चालू द्या.”

“त्रिकोणाचे तिन्ही कोन मिळून दोन काटकोन होतात,” आचार्यांनी आरंभ केला. “आता ही रेषा... म्हणजे वरची... ती येथून अशी...” खांदा हलला, हात हलला नाही. “हा कोन त्या... त्या पलीकडच्या...”

“आचार्य, दिसले नाही!” मागच्या ओळीतून आवाज आला, आणि वर्ग खदखदला. आचार्यांच्या कपाळावर घाम आला.

तेव्हा दृष्टिहीन विद्यार्थ्याने विचारले, “ती रेषा कोणत्या बिंदूतून जाते, आचार्य?”

इतक्या दिवसांत त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न. आचार्य थांबले. शब्द शोधीत, अडखळत म्हणाले, “त्रिकोणाच्या शिरोबिंदूतून. पायाला समांतर.”

“मग पायाचे दोन्ही कोन त्या रेषेखाली शिरोबिंदूच्या दोन बाजूंना येतील?”

“येतील.”

“आणि मधे शिरोबिंदूचा स्वतःचा कोन. तिन्ही मिळून सरळ रेषा!” तो आनंदाने जवळजवळ ओरडलाच. “म्हणजे दोन काटकोन!”

आचार्यांचे डोळे भरून आले. तातांनी गाठ सोडताच त्यांनी विद्यार्थ्याला आलिंगन दिले. “उद्यापासून, बाळ,” ते म्हणाले, “उद्यापासून प्रत्येक पाठ असाच.”

दुसऱ्या दिवशी आचार्य वर्गात आले. नवे प्रमेय कठीण होते, तयारी झाली नव्हती, आणि हात मोकळे होते. बोट धुळीकडे गेले. “दिसले?” वर्ग म्हणाला, “दिसले!” एक जण गप्प राहिला. पाठ थांबला, सारे वळले.

“तुला नंतर वेगळे समजावून सांगेन हं,” आचार्य मायेने म्हणाले.

ते ‘नंतर’ परीक्षेपर्यंत आले नाही. परीक्षेत परीक्षकांनी पाटीवर एक आकृती काढली, तिच्यावर बोट ठेवले आणि विचारले, “सांग, हा कोन केवढा?” सायंकाळी विद्यार्थ्याने आपली वळकटी उचलली आणि तो गायनशाळेकडे गेला. जाताना आचार्यांचा निरोप घेतला नाही.

आचार्य तातांकडे आले. “कृतघ्न निघाला, तात! मी त्याला सर्वांदेखत हृदयाशी धरले होते.”

तात म्हणाले, “हृदयाशी धरण्यास क्षण पुरतो. शब्दांत पूर्ण उतरलेला पाठ रचण्यास रोजची पहाट द्यावी लागते, आणि ती तुम्ही दिली नाहीत. त्याने तुमच्याकडे माया मागितली नव्हती. ती त्याला घरीही होती. त्याने रेषा कोणत्या बिंदूतून जाते एवढेच विचारले होते. त्याचे उत्तर देणे हे तुमचे काम, त्याला तुम्ही उपकार समजलात. आणि उपकार सवडीने करावयाचा असतो. मीही चुकलो. हात बांधून एक दिवस घडविता येतो. तो घडल्यावर मी उठून गेलो. दुसऱ्या दिवशी येऊन बसायला हवे होते.”

आचार्यांनी हळूच विचारले, “आता त्याला परत आणता येईल?”

“परीक्षा झाली,” तात म्हणाले.

ही कथा व्याख्यानांतून वारंवार सांगितली जाते, आणि बहुतेक वक्ते ती आलिंगनापाशी संपवितात. कित्येक त्यापुढे जोडतात, की तो विद्यार्थी पुढे थोर गणिती झाला आणि आचार्यांचे नाव अमर झाले. हे असत्य आहे. तो गायनशाळेतच राहिला. त्याचा आवाज बेताचा होता.