पाट्याचे कोयते

एकदा घाटमाथ्यावरच्या एका गावात, चहाच्या टपरीवर, एक बातमी अर्धीच कानावर पडली. "गॅरेजवाल्या उस्तादांनी शेलारांच्या पिकअपचे मागचे पाटे काढले, लोहाराकडे नेले, आणि त्यांचे कोयते करून..." एवढ्यात एसटी आली, आणि बोलणारा पिशवी सावरीत तिच्यामागे धावला.

ऐकणारा भिवा म्हणजे उस्तादांचाच शिष्य. त्याने अर्धा पेला तसाच खाली ठेवला. पाटे म्हणजे गाडीचा भार चाकांवर तोलणाऱ्या पोलादी पट्ट्या. कालच तर त्याने दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवून गाडी टणक केली होती!

शेलार हे मधपाळ. मधमाश्यांच्या पेट्या गाडीत घालून फुलोऱ्यामागे रानोरान हिंडणारे. मागच्या खेपेला सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, खडकांत गाडी अशी आदळली, की पेट्यांतली पोळी तुटली आणि निम्म्या माश्या मधातच बुडून मेल्या. उरलेल्या पेट्या उद्या न्यायच्या होत्या. त्याही गेल्या, की शेलारांचा धंदा संपलाच.

भिवा तडक गॅरेजात आला. पाटे खरोखरच कमी झालेले!

"उस्ताद, मी घट्ट केलेली गाडी तुम्ही ढिली केलीत? गावात काय बोलतायत, ठाऊक आहे?"

"गावाचं राहू दे. चहा झाला?"

"अर्धाच."

"मग हा घे." उस्तादांनी काठोकाठ भरलेला पेला त्याच्या हाती दिला. "आता गुडघे ताठ ठेव आणि त्या पायऱ्या उतर. वाकलास तर याद राख!"

भिवा लाकडी बाहुल्यासारखा खटखट उतरला. तळाशी पोहोचेतो चहा सदऱ्यावर. टायरवर बसलेले शेलार पोट धरून हसले. "बाबा रे, माझ्या राणीमाशीची हीच गत झाली होती!"

उस्ताद शांतपणे म्हणाले, "तू गाडीला बळ दिलंस, पण तिचे गुडघे काढून घेतलेस. चाकाला दगडावर चढू द्यावं, खळग्यात उतरू द्यावं. ते मोकळं हललं, तर वरचं ओझं स्थिर राहतं. म्हणून तू घातलेले पाटे तर काढलेच, मूळचाही एकेक काढला. उरलेल्यांना लोहाराकडून नवी कमान दिली, त्यामुळे उंची राखली. लांब शॉकअब्सॉर्बर घातले, त्यामुळे गाडी डुलणार नाही. अरे, ताठ राहणाऱ्याचा हिसका पाठीवर बसलेल्यांना सोसावा लागतो."

दुसऱ्या पहाटे भिवा पेट्यांशेजारी बसूनच सड्यावर गेला. खाली चाकं नाचत होती, पेट्या मात्र जागच्या हलल्या नाहीत. शेलारांनी झाकण उचललं. पोळी शाबूत! एक माशी तेवढी भिवाच्या कानाला डसली.

"जिवंत आहेत हो!" तो कळवळून ओरडला, आणि हसलाही.

मग शेलारांनी पेट्यांभोवतीची झुडपं साफ करायला कमरेचा कोरा कोयता काढला. भिवाने ते पोलाद ओळखलं.

"मूळच्या पाट्याचा," शेलार म्हणाले. "मीच सांगून दोन करून घेतले. दुसरा उस्तादांना दिला."

परतताना टपरीवर एसटीमागे धावलेला तोच मनुष्य भेटला. "काय रे, विकले म्हणे उस्तादांनी कोयते?"

भिवाने सुजलेला कान चोळला. "पाटे काढले, खरं. कोयते केले, तेही खरं. विकले मात्र नाहीत."

मग भरलेला पेला घेऊन, गुडघे सैल सोडून, तो टपरीच्या पायऱ्या उतरला. चहाचा थेंबही सांडला नाही.