आतली कडी

एकदा एका पेठेच्या गावी एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांच्या हाताखाली एक शिष्य होता. हुशार होता, पण समोरच्याचे बोलणे पुरे होण्याआधीच त्याचा हात औषधाच्या बरणीकडे जाई.

एके दिवशी कापडाचे व्यापारी हणमंतशेठ आले. त्यांच्या वडिलांना, तात्यांना, तीन वर्षांपासून विस्मरणाचा आजार होता. मुलालाच ते "कोण आपण?" म्हणून विचारत. घराने तेही सोसले होते. आता मात्र शेठना बोलवेना.

"वैद्यबुवा, कसं सांगू? जावई पंक्तीला बसलेले असताना तात्यांनी आईचा हात धरला. तिला अंथरुणात बोलावतात. ऐंशीच्या घरातलं वय! लाजेनं मेल्यासारखं होतं हो. आता त्यांच्या खोलीला आम्ही बाहेरून कडी लावतो, तर दार बडवत रडतात. हे थंड होईल असं काहीतरी द्या."

शिष्याने बरणी उघडलीसुद्धा. वैद्यांनी त्याचे मनगट धरले.

"शेठ, आईंना विचारलंत?"

"आईला? अहो, असलं आईला कसं विचारायचं!"

"मग मी विचारतो."

वैद्य घरी गेले. शिष्याखेरीज सर्वांना त्यांनी बाहेर पाठवले आणि शेठच्या आईंपुढे, भागाक्कांपुढे, बसून सरळ विचारले. त्या पदराच्या टोकाशी चाळा करत सांगू लागल्या.

"धाकटी झाली तेव्हा मी तिशीची. सासूबाईंनी माझं अंथरूण माजघरात टाकलं, पोरांपाशी. तेव्हा रीतच होती तशी. यांनी हूं की चूं केलं नाही. पंचेचाळीस वर्षं एका घरात राहिलो, पण जवळ म्हणून बसलो नाही. आता हे सगळं विसरले, मेली ती रीतसुद्धा विसरले. माझं नाव येत नाही त्यांना. पण हात धरला की सोडत नाहीत." त्यांचे डोळे भरून आले. "बोलू नये या वयात, पण मला बरं वाटतं हो."

"आणि नको वाटेल तेव्हा?"

"नको म्हटलं की ऐकतात. रुसतात जरा, पण ऐकतात."

"त्यांना नको असलं तर?"

"तोंड फिरवतात. कळतं मला. नवरा आहे तो माझा."

वैद्यांनी सुताराला बोलावून दाराची बाहेरची कडी काढवली आणि तीच आतून बसवायला सांगितली. दोघांची अंथरुणे एका खोलीत घालायला लावली. शेठ म्हणाले, "बुवा, आणि औषध?"

"दिलं की."

वाटेत शिष्याला राहवले नाही. "गुरुजी, हा रोगाचाच विकार. त्यावर कडीचा उपाय कसला?"

वैद्य थांबले. "लाज मुलाला वाटत होती आणि चूर्ण बापाला खायला घालणार होतास! अरे, स्मृती गेली तरी भूक उरते, तहान उरते. तशीच जवळच्या माणसाची ओढही उरते. आपल्याला ती पाहवत नाही, म्हणून तिला विकार म्हणून मोकळे होतो. त्या बाईनं नको म्हटलं असतं, तर मी तिच्या खोलीला आतून कडी बसवली असती आणि तात्यांची दुसरी सोय पाहिली असती. ज्यांचा प्रश्न, त्यांना आधी विचारावं. आणि एकदा विचारून भागत नाही. हा आजार पालटत राहतो. दर महिन्याला जाऊन दोघांचं मन पाहायचं, हे काम आता तुझं."

शिष्याची मान खाली गेली. त्या दिवशी त्याने एकही बरणी उघडली नाही.

महिन्याने तो शेठच्या घरी गेला. भर दुपार होती. ओसरीवर दोन व्यापारी बसले होते. त्यांच्यादेखत शेठ उठले, त्यांनी शिष्यासाठी पाट मांडला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बसा जरा. आई आणि तात्या आत आहेत."

हे सांगताना त्यांना लाज वाटली नाही.