फ्लेक्समागची पाटी

नगराध्यक्ष हिंगमिरे साहेबांचा वाढदिवस आला की आमच्या गावात त्यांच्या फ्लेक्सांमुळं आभाळ सोडून दुसरं काही दिसत नाही. यंदा त्यांचा फ्लेक्स सरकारी दवाखान्यासमोरच्या ‘नो पार्किंग’च्या पाटीवरच चढला. पाटी झाकली गेली. पोलिसांनी मात्र तिथल्या रिक्षा उचलून नेल्या, वर दंडही लावला.

त्याच दिवशी डॉक्टरांनी सोपान घोडकेला सांगितलं, आईला तातडीनं जिल्ह्याला हलव. तो तिला उचलून बाहेर आला, तर रिक्षा गायब. दुसरी मिळेपर्यंत आई गेली.

गावात ओरड झाली, दंड चुकीचे ठरले. साहेबांनी भरपाईचाही सोहळा मांडला. स्टेजवर मागं पुन्हा त्यांचा तोच हसरा फ्लेक्स. सोपानच्या हाती नारळ आणि पाकीट देऊन ते माइकवर म्हणाले, “अजून काही हवं असेल तर लाजू नकोस.”

सोपाननं दोन्ही टेबलावर ठेवलं. “हे राहू द्या, साहेब. तो फ्लेक्स तेवढा द्या.”

साहेब खुलले. “घरी लावणार?”

“हो. याच्यामागं एवढी मोठी सरकारी पाटी दिसली नाही. आईच्या खाटेपुढं लावून बघतो. ती रिकामी आहे, हेही दिसायचं नाही.”