म्हाळूचे गारठलेले हात

निफाडकडच्या एका गावात म्हाळू नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे कसा, तर सांगितलेलं काम शब्दाला शब्द करायचा. एक शब्द कमी नाही की एक जास्त नाही. डोकं वापरायला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते जसंच्या तसं शिल्लक होतं.

त्याची बायको हौसा दिवाळीला माहेरी गेली, ती तिकडंच राहिली होती. पौष महिना तोंडावर आला. पौषात सून घरात आणत नाहीत, म्हणून आईनं म्हाळूच्या मागं धोशा लावला, की बाबा, पौष लागायच्या आत तिला घेऊन ये. म्हाळूलाही बायकोशिवाय करमत नव्हतं. रोज संध्याकाळी तो उंबऱ्यात बसून सुस्कारे टाकायचा.

निफाडची थंडी म्हणजे काय सांगावं! पहाटे पहाटे दात असे वाजतात, की शेजाऱ्याला वाटावं घरात भजन चाललंय. आईनं म्हाळूला लोकरीचे हातमोजे विणून दिले आणि बजावलं, की हे जपून ठेव. म्हाळूनं ते पेटीत ठेवले, कुलूप लावलं आणि उघड्या हातांनी मोटारसायकल काढली.

सासरी पोचेपर्यंत बोटांची लाकडं झाली. सासरे दशरथतात्या मोठ्या प्रेमानं पुढं आले. त्यांनी वाफाळता चहा जावयाच्या हातात दिला आणि जावयानं तो तसाच तात्यांच्या पायावर सोडला. टरारून फोड आला. आता पाय भाजलेल्या बापाला टाकून पोरगी निघणार कशी? म्हाळू एकटाच परत फिरला. निघताना तात्या कळ दाबत म्हणाले, "अहो जावईबापू, गारठलेले हात खिशात घालायचे असतात. एवढं तरी ध्यानात ठेवा."

म्हाळूनं ते नीट ध्यानात ठेवलं.

पुढच्या खेपेला गावाची वेस ओलांडली, मोटारसायकल पळायला लागली, हात गारठले. म्हाळूनं दोन्ही हात खिशात घातले. हातांना फार बरं वाटलं. मोटारसायकल आपली आपण थोडी सरळ गेली, मग तिला पाण्याचा पाट दिसला आणि ती पाटात उतरली. लोकांनी दोघांना बाहेर काढलं, तेव्हाही गड्याचे हात खिशातच होते. गाडीचं पुढचं चाक पार वाकडं झालेलं. ट्रॅक्टरवर गाडी घालून तो चिखलानं माखलेला सासरी पोचला. आता हौसाला बसवायचं कशावर? तीही खेप वाया गेली. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "जावईबापू, पाया पडते तुमच्या. काही झालं तरी हँडल सोडायचं नाही."

चाक दुरुस्त झालं आणि म्हाळू तिसऱ्यांदा निघाला. हात गारठले, बधिर झाले, पण पठ्ठ्यानं हँडल सोडलं नाही. वाटेत नाक गळायला लागलं, तेही गळू दिलं. थेट सासऱ्याच्या अंगणात गाडी लावली आणि बसून राहिला.

हौसा तांब्या घेऊन धावत आली. म्हणाली, उतरा की. म्हाळूनं मान हलवली. तात्यांनी सांगून पाहिलं, शेजाऱ्यांनी ओढून पाहिलं. म्हाळूचं एकच म्हणणं, की सासूबाईंनी बजावलंय, काही झालं तरी सोडायचं नाही. आणि सासूबाई तर सकाळीच शेजारच्या गावी बारशाला गेलेल्या! मग काय, म्हाळूनं दिवसभर अंगणात गाडीवर मुक्काम केला. हौसानं सगळ्या आळीदेखत त्याला थालीपीठ भरवलं. लाजेनं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी तिनं दही लावून भरवलं. नवरा येडा असला तरी तिचा जीव होता त्याच्यावर. खोटं बोलायचा नाही, हात उगारायचा नाही. दुसऱ्यांचे शहाणे नवरे तिनं पाहिले होते.

संध्याकाळी सासूबाई आल्या आणि त्यांनी हँडल सोडायला सांगितलं. तोवर बोटं अशी आखडली होती, की गरम तेल लावून एकेक बोट सोडवावं लागलं.

रात्री तात्यांनी साफ सांगून टाकलं. जोशीबुवांनी उद्या सकाळचा मुहूर्त दिलाय, उन्हं वर यायच्या आत पोरीनं सासरचा उंबरा ओलांडला पाहिजे. ही शेवटची खेप. आता घोळ झाला तर पोरगी पौष सरेपर्यंत इथंच राहील, आणि पुढचं पुढं बघू. हौसाच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती म्हाळूला हळूच म्हणाली, "अहो, एवढ्या वेळेला नीट न्या मला."

पहाटे निघताना तात्यांनी जावयाला बाजूला घेतलं. थंडीपासून द्राक्षं वाचवायला बागाईतदार पहाटे बागांतून शेकोट्या पेटवतात, हे त्यांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "हात गारठले, की गाडी थांबवायची आणि शेकोटीवर हात शेकायचे. हात तापले, की लगेच निघायचं. रेंगाळायचं नाही. मुहूर्त टळेल."

या खेपेला म्हाळूचं काहीसुद्धा चुकलं नाही. हात गारठले, त्यानं गाडी थांबवली. रस्त्यालगतच्या बागेत शेकोटी होती, दोघंही उतरली. म्हाळूनं हात शेकले. हात तापले. तो लगेच निघाला. मागून कुणीतरी जिवाच्या आकांतानं हाका मारत होतं, पण रेंगाळायचं नाही म्हणजे नाही.

उन्हं वर यायच्या आत तो दारात हजर झाला. आई भाकरतुकडा ओवाळून टाकायला उंबऱ्यातच उभी होती. तिनं लेकाला पाहिलं, मग गाडीच्या मागच्या सीटकडं पाहिलं, मग रस्त्याकडं पाहिलं.

"म्हाळू, अरे, हौसा कुठंय?"

म्हाळूनं आपले ऊन ऊन हात आईच्या गालांना लावले आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "आई, तिचे हात अजून तापले नव्हते."