टाकीमागचं दुकान

आमच्या गावात बुधगावकरशेटचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान मोठं आणि शेटची ऐट त्याहून मोठी. कुमुदताई आठल्ये साठीत गाडी चालवायला शिकल्या. फोन नंबर, भेटीगाठी लक्षात ठेवील आणि गाडीत रस्ताही दाखवील असं हातात मावणारं यंत्र घ्यायला त्या तिथं आल्या.

शेटनं साधं यंत्र बाजूला सारून सगळ्यांत महागडं पुढं केलं. "बिनतारी आहे, नकाशे आहेत, बोलतंसुद्धा! अडाण्यासारखं रस्ता विचारत फिरायचे दिवस गेले, बाई."

"कुठलाही पत्ता सापडतो?"

"कुठलाही छापील पत्ता द्या. नाही सापडला, तर हेच यंत्र साध्याच्या किमतीत घेऊन जा!" सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात शेट म्हणाले.

कुमुदताईंनी काउंटरवरचं शेटचंच कार्ड उचललं आणि त्यावरचा पत्ता यंत्रात घातला: जुन्या पाण्याच्या टाकीमागे. ती टाकी पाडून कित्येक वर्षं झाली होती. यंत्र बराच वेळ घुटमळलं आणि म्हणालं, "असं ठिकाण सापडत नाही."

"अहो, टाकी कुठं होती ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे!" शेट ओशाळून म्हणाले.

"तर काय! म्हणून तर तुम्ही पुढची ओळ छापलीय." ताईंनी ती मोठ्यानं वाचली, "'कोणालाही विचारा.'"

सगळं दुकान हसलं. शेवटी शेटही हसले आणि महागडं यंत्र मुकाट्यानं खोक्यात घालू लागले.

"ते कार्डही आत टाका," ताई म्हणाल्या. "यंत्र अडलं, तर काय करायचं ते त्यावर लिहिलंय."